नळाच्या खड्ड्यातली सुनावणी

खालच्या गावाला वेगळी पंचायत हवी होती. आता वेगळी पंचायत म्हणजे काय, तर आपला सरपंच, आपली कचेरी, आपलं टेबल, आणि त्या टेबलामागे बसून आपल्याच माणसाने आपल्यावर खेकसायचं. इतकी वर्षं खेकसायचं काम वरच्या गावाकडे होतं. वरचं गाव टेकडीवर, खालचं पायथ्याशी, आणि दोघांची पंचायत एकच, अर्थात वर. दिवा गेला, वर जा. गटार तुंबलं, वर जा. धापा टाकत वर गेलं की सरपंच म्हणणार, "बघतो." आणि सरपंचांचं 'बघतो' म्हणजे ते खरोखर नुसतं बघतच राहणार, हे खालच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मशीनवहिनीला दिव्याचं आणि गटाराचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तिला दुकान हवं होतं, बस्स. तिचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. दिवसभर तिच्या शिलाई मशीनची खडखड गल्लीत ऐकू यायची, म्हणून ती मशीनवहिनी. हात असा साफ की कापड नुसतं अंगाला लावून बघायची आणि कातर चालवायची, पण ते सगळं घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. खिडकीपाशी का? उजेडासाठी म्हणाल तर साफ चुकाल. खिडकीतून नळ दिसायचा म्हणून.

या नळाने अख्ख्या गावाला वेठीला धरलं होतं. पाण्याची टाकी वर, टेकडीच्या माथ्यावर. वरच्या गावाचं पाणी भरून झालं, की टाकीवरचा पाणीवाला खालच्या गावाचा व्हॉल्व्ह उघडायचा. कधी? ते त्यालाही माहीत नसायचं. कधी जेवणं व्हायच्या आधी, कधी चहाच्या वेळेला, कधी दोन्हीच्या मध्ये, लोकांचा नुकता डोळा लागतो तेव्हा. आलं की थोडा वेळ यायचं आणि बारीक होत होत बंद पडायचं. जोर इतका कमी, की नळ जितका खाली तितकं पाणी जास्त, हे एकाने शोधून काढलं आणि नळाभोवती खड्डा खणला. मग शेजारी गप्प बसतो होय? त्याने आणखी खोल खणला. असं करता करता प्रत्येक दारापुढे कमरेएवढा खड्डा आणि तळाशी नळ. त्यात उतरायचं, भरायचं, बादली वर द्यायची. नवखा माणूस गल्लीत आला तर त्याला वाटावं, या गावाचं काहीतरी मौल्यवान हरवलंय आणि सगळे मिळून शोधतायत.

गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर ताटवाल्या आत्याचं. पाणी आधी तिच्या नळाला यायचं. यायच्या आधी नळ खोकायचा. तो खोकला कानावर पडला की आत्या एक जुनं चेपलेलं ताट घेऊन त्यावर डाव बडवायची, आणि खालचं गाव हातातलं काम टाकून धावायचं. टाकून म्हणजे अक्षरशः टाकून! न्हाव्याने एकदा गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली आणि ताट वाजताच वस्तरा ठेवून पळाला. गिऱ्हाईकही पळालं, कारण पाणी त्यालाही भरायचं होतं. दोघांनी पाणी भरलं, परत आले आणि उरलेल्या मिशीचं काय करायचं यावर शांतपणे विचार केला.

तर प्रत्येक घरातलं एक धडधाकट माणूस दिवसभर घरात पाहिजे, असा हा हिशेब. मशीनवहिनीचा नवरा शाळेची बस चालवायचा, तो सकाळी गेला की दिवेलागणीला उगवायचा. सासूबाईंचे गुडघे गेलेले. जीभ शाबूत होती, आणि नुसती शाबूत नव्हे, चांगली परजलेली, पण जिभेने बादल्या भरता येत नाहीत. एकदा सुनेला ताप होता म्हणून त्या हट्टाने खड्ड्यात उतरल्या आणि मग वर येता येईना. गल्लीतल्या बाप्यांनी दोरी-बिरी लावून त्यांना वर काढलं आणि त्या वर येईपर्यंत एकेकाचा उद्धार करत होत्या. तेव्हापासून, ताप असो नसो, खड्डा सुनेचाच. लग्न होऊन आल्यापासून मशीनवहिनीने दुपार कधी घराबाहेर काढली नव्हती. कोणी बोलावलं की तिचं ठरलेलं उत्तर, "पाणी येऊन गेलं की येते." आणि पाणी येऊन जाईपर्यंत बोलावणारे दमून जायचे.

दुकानाचं खूळ नणंदेने तिच्या डोक्यात भरलं होतं. नणंद बाजारपेठेत बटणं, लेस, दोऱ्याची रिळं विकायची. दुकान लांबलचक, मागचा अर्धा भाग रिकामा. ती आली की म्हणायची, "वहिनी, तू आणि तुझं मशीन तिथे नुसतं येऊन बसा. कापड घेऊन बायका दारात उभ्या राहतात, शिवणारीचा पत्ता विचारतात. मी कोणाकडे बोट दाखवू?"

"वन्सं, बोट माझ्याकडेच दाखवा, पण दुपारचं पाणी?"

"पाणी! जळ्ळं मेलं ते पाणी," नणंद म्हणायची, आणि तेवढ्यात ताट वाजलं की दोघी मिळून धावायच्या.

पण यंदा नणंदेचाही नाइलाज झाला होता. जागेच्या मालकाला रिकामा भाग डोळ्यात खुपायला लागला. मोबाइल दुरुस्त करणारा एक गडी रोज येऊन भिंतीला टेप लावून मापं घ्यायचा, आणि जाताना नणंदेकडे बघून असा गोड हसायचा की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "वहिनी, तुमच्या त्या पंचायतीचा निकाल लागेपर्यंत मी त्याला थोपवते," ती म्हणाली. "वेगळी पंचायत झाली, तुमचं पाणी तुमच्या हातात आलं, तर तू ये. नाही झाली तर मग माझा इलाज नाही गं. तो माप्या येऊन बसणार."

त्या दिवसापासून मशीनवहिनीचा जीव टांगणीला लागला. आजवर 'वेगळी पंचायत' म्हटलं की ती मान डोलावून टिपा मारत राहायची. आता ती मास्तरांच्या मागे हात धुऊन लागली.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून साऱ्या गावाला वर्ग समजणारे गृहस्थ. वेगळ्या पंचायतीची सगळी खटपट त्यांची. त्यांच्याच चिकाटीने मोठ्या कचेरीतून सुनावणी लागली होती. एक मॅडम येणार, शाळेत बसणार, दोन्ही गावांचं ऐकणार आणि ठरवणार. मास्तरांनी ज्याचं त्याचं भाषण वाटून दिलं. गावातल्या बायकांची बाजू मांडायला मशीनवहिनी. भाषणही त्यांनीच बेतलं, 'आम्हां भगिनींच्या व्यथांचा महासागर' असलं काहीतरी. वहिनीने मशीन चालवता चालवता ते घोकलं. महासागरापाशी दर वेळी दोरा तुटायचा.

"आई, हे असं कोणी बोलतं का हो?" तिने सासूबाईंना विचारलं.

"मास्तर बोलतो," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर त्याची बायको ऐकू येत नाही असं सांगते."

सुनावणीच्या दिवशी गाव झाडून शाळेत. कामावर कोणी गेलं नाही, अगदी वहिनीच्या नवऱ्यानेसुद्धा बाजाराकडच्या शाळेत पोरं सोडल्यावर बस लावून टाकली. मागे राहिल्या फक्त दोघी. सासूबाई, कारण शाळेला पायऱ्या. आणि ताटवाली आत्या, कारण नळाशी कोणीतरी नको का? आता इथे गंमत बघा. अख्ख्या गावाने महिनाभर तयारी केली, सतरंज्या धुतल्या, फळा रंगवला, मॅडमसाठी पंखा मागून आणला. पण पाणीवाल्याला 'आज बाबा, अमक्या वेळी पाणी सोडू नकोस' हे सांगायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. कारण पाणी कधी सोडणार हे विचारायची पद्धतच त्या गावात नव्हती. वारा कधी सुटणार हे कोणी वाऱ्याला विचारतं का?

मॅडम आल्या. वयाने तशा लहान, चेहऱ्याने करड्या, पायात खेळाडूंसारखे बूट. वरच्या गावचे सरपंच पहिल्या बाकावर कडक इस्त्रीत बसले होते. बसताना सदरा चुरगळू नये म्हणून ते पाठ टेकत नव्हते. मास्तरांनी सुरुवात केली ती अंतरावर. खालच्या गावापासून वरच्या गावाचं अंतर, चढ, चढाची वळणं, वळणांवरचे दगड. मॅडमनी दोनदा तोंडावर रुमाल धरला. जांभया होत्या त्या, वहिनीला स्पष्ट दिसलं. हे असंच चाललं तर माप्या दुकानात येऊन बसलाच म्हणायचा.

"अंतर आहे हे कळलं," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पण अंतर तर पुष्कळ गावांना असतं. एवढ्याने पंचायत फोडता येत नाही. अडचण काय होते, ते कोणी सांगाल का?"

"हेच मी म्हणतो!" सरपंच म्हणाले. "अडचण काही नाहीच, मॅडम. दोन्ही गावं भावाभावांसारखी आहेत."

मास्तरांनी वहिनीला खूण केली. वहिनी उठली. "आदरणीय मॅडम," ती म्हणाली, "आम्हां भगिनींच्या व्यथांचा..."

ठण् ठण् ठण् ठण्!

त्यानंतर जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. बाकं सरकली, सतरंजी गोळा झाली, दाराशी चपलांचा चेंदामेंदा झाला. न्हावी खिडकीतून गेला. मास्तर, ज्यांनी महिनाभर 'शिस्त, शिस्त' असा घोष लावला होता, ते धोतर सावरत सगळ्यांच्या पुढे. महासागर अर्ध्यावर टाकून वहिनीसुद्धा दारापर्यंत पोचली होती. पायच ते, इतक्या वर्षांची सवय, डोक्याला विचारतात कुठे? उंबऱ्यावर आल्यावर तिला कळलं, आपण काय करतोय. तिने वळून पाहिलं. रिकामा वर्ग, गरगरणारा पंखा, खुर्चीत मॅडम, आणि बाकावर सरपंच. सरपंच आता पाठ टेकून बसले होते.

"बघितलंत मॅडम?" ते मजेत म्हणाले. "यांना धड घटकाभर बसवत नाही. आणि हे पंचायत चालवणार!"

वहिनीला वाटलं, संपलं. इतका राग आला तिला, सरपंचांचा, आत्याच्या ताटाचा, स्वतःच्या पायांचा, की डोळ्यांत पाणीच आलं.

मॅडम उठून दाराशी आल्या होत्या. "काय झालं? आग लागली का कुठे?"

"पाणी आलं," वहिनी म्हणाली.

"मग?"

आता या 'मग'ला उत्तर काय द्यायचं? खालच्या गावात हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. वहिनीने एकदा मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्यांच्या बुटांकडे पाहिलं, आणि सरळ त्यांचा हात धरला. "चला, दाखवते. पण पळायला लागेल हं."

आणि पळाल्या की हो त्या! खांद्यावरची पिशवी उडतेय, गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर गेलंय, आणि मोठ्या कचेरीच्या मॅडम मशीनवहिनीच्या मागून गल्लीतून धावतायत. मागून सरपंच, "अहो मॅडम, अहो, सावकाश!" करत. दोन्ही बाजूंच्या खड्ड्यांतून डोकी वर यायची, मॅडमना बघायची आणि पुन्हा खाली जायची. नमस्कार करायला कोणाला सवड नव्हती.

घरापाशी सासूबाई खड्ड्याच्या काठावर बसून नळालाच दटावत होत्या, "थांब जरा, येतेय ती." वहिनीने पदर खोचला, खड्ड्यात उतरली, नळ सोडला. आणि अहो, काय पाणी! असला जोर तिने जन्मात पाहिला नव्हता. बादली उलटली, पाणी उसळून थेट मॅडमच्या तोंडावर. दुसरी बादली लावली तर ती डोळ्यांदेखत भरली. साऱ्या गल्लीतून आरोळ्या उठल्या. न्हावी ओरडला, "आज काय टाकी फुटली काय रे?"

मॅडमनी चेहरा पुसला. "पाणी तर चांगलं येतंय की तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

सरपंच तेवढ्यात धापा टाकत पोचले होते. त्यांना आयतंच मिळालं. "मग? मी काय म्हणत होतो? बघा, भरपूर पाणी! उगाच मेली कागाळी. आता तुम्हीच सांगा, कसली अडचण?"

वहिनी खड्ड्यात उभी, कमरेपर्यंत भिजलेली, हातात भरलेली बादली. आयुष्यात एक दिवस पाणी मनासारखं आलं, आणि ते नेमकं आज. हसावं की रडावं तिला कळेना. मास्तरांचं भाषण कुठल्या कुठे वाहून गेलं होतं. उरलं होतं ते तिचं स्वतःचं, आणि ते आपोआप बाहेर पडलं.

"पाणी कमी येतं असं मी म्हटलंच नाही," ती म्हणाली. "भरपूर येऊ दे नाहीतर थेंबभर येऊ दे. ही बादली धरा." मॅडमनी बादली धरली. "कधी येतं ते मला माहीत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही यांना विचारा, उद्या कधी येणार?"

मॅडमनी सरपंचांकडे बघितलं. "उद्या पाणी कधी सोडणार?"

"उद्याचं... उद्या बघतो," सरपंच म्हणाले.

"घ्या!" सासूबाई म्हणाल्या. "बघा हो बाबा. चष्मा पुसून बघा."

"तसं ते पाणीवाल्याकडे असतं," सरपंचांनी अंग झटकलं.

आणि पाणीवाला तर गल्लीत हजरच होता. हा पाणीवाला ताटवाल्या आत्याचा जावई. सासरी खुशाली विचारायला टेकडी उतरून आला होता आणि सासूच्या दारात अभिमानाने उभा राहून सगळ्यांच्या भरलेल्या बादल्या बघत होता. त्याला हाक मारली तसा तो खुशीत पुढे आला.

"आज मुद्दाम सगळा व्हॉल्व्ह उघडला," तो मॅडमना सांगू लागला. "म्हटलं, आज खालचं गाव कामाला जाणार नाही, सगळे घरीच आहेत. माझं सासर आहे, एक दिवस तरी पोटभर पाणी मिळू दे त्यांना."

"अहो जावईबापू," वहिनी कपाळावर हात मारून म्हणाली, "सगळे शाळेत होतो ना आम्ही!"

जावईबापूंचा चेहरा पडला. ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही कान धरले आणि सासूकडे बघितलं. सासूने ताट मागे लपवलं.

"ते जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "रोज कधी सोडता?"

"वरच्या गावाचं भरून झालं की."

"ते कधी भरून होतं?"

जावयाने प्रामाणिकपणे विचार केला. "झालं की कळतं," तो म्हणाला.

मॅडम खड्ड्याच्या काठावर बसल्या. बूट पाण्यात बुडाले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "दुपारी घराबाहेर शेवटच्या कधी गेला होतात?" त्यांनी वहिनीला विचारलं.

वहिनीने आठवून पाहिलं. खूप आठवलं. बादली भरून वाहायला लागली तरी तिला आठवेना.

"मला शिवता येतं," ती म्हणाली. "चांगलं येतं. बाजारात माझ्या नणंदेचं दुकान आहे, त्यातली अर्धी जागा तिने माझ्यासाठी अडवून धरलीय. मला तिथे जाऊन बसायचंय. बस, दुसरं काही नको. गावाचं भलंबिलं मास्तर सांगतील, मला ते बोलता येत नाही. मी स्वतःपुरतं सांगते. माझी सगळी उमर या खिडकीत गेली हो मॅडम. कापायला कापड घेतलं की एक कान नळाकडे. जेवायला बसले की एक कान नळाकडे. पाणी दोन बादल्या येतं आणि दिवस पुरा घेऊन जातं. पंचायत आमची झाली तर पाणी सोडायची वेळ आम्ही ठरवू. एवढ्यासाठी हवीय."

गल्लीतली सगळी डोकी एव्हाना खड्ड्यांतून वर आली होती. मास्तर ओलेते उभे होते. ते हळूच म्हणाले, "आमच्या घरीही तसंच आहे. ही आमची माहेरी जाऊन... फार दिवस झाले." त्यांची बायको, जिला ऐकू येत नाही असा बोलबाला होता, तिने चमकून वर बघितलं.

"हे तुम्ही शाळेत का नाही सांगितलं?" मॅडम म्हणाल्या. "मी मघापासून अडचण अडचण विचारतेय आणि तुम्ही सगळे मला चढ सांगताय."

"ही अडचण आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं," न्हावी म्हणाला. "आम्हाला वाटायचं, असंच असतं."

मॅडमनी दुसरी बादली पुढे केली. मग तिसरी. पाणी बंद पडेपर्यंत त्यांनी सगळं भरून घेतलं, सासूबाई 'अशी नाही, कडीला धर, कडीला' अशा सूचना देत होत्या आणि मॅडम निमूट ऐकत होत्या. सरपंचही रिकामे उभे होते, तर सासूबाईंनी त्यांच्या हातात एक पिंप दिलं. कडक इस्त्रीचं काय झालं ते विचारू नका.

निकाल यायला वेळ लागला. नणंदेचा रोज फोन. "तो माप्या आज खुर्ची घेऊन आला होता गं! मी म्हटलं, खुर्ची ठेव, बसायला होईल गिऱ्हाइकांना." अखेर कचेरीतून हुकूम आला. खालच्या गावाला वेगळी पंचायत, आणि खालच्या व्हॉल्व्हची चावी त्या पंचायतीकडे. मास्तरांनी तो चौकात मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा लोकांनी त्यांनाच खांद्यावर घेतलं. आत्याने इतकं ताट बडवलं की सवयीने निम्मं गाव बादल्या घेऊन आलं.

पण सुख असं सरळ पदरात पडतं होय! सरपंच निवडायला गाव शाळेत जमलं, आणि मास्तर उठून म्हणाले, "नाव एकच. जिने मॅडमना हाताला धरून पळवलं ती. आपली मशीनवहिनी!"

टाळ्यांचा कडकडाट. न्हाव्याने शिट्टी मारली. सगळे वहिनीकडे वळले, आणि वहिनीचा चेहरा पांढराफटक. सरपंच म्हणजे रोज कचेरी. रोज कचेरी म्हणजे पुन्हा गावातच. पुन्हा दुपार गेली, पुन्हा दुकान गेलं. आणि समोर सगळी आपली माणसं, मायेने हसतायत, नाही कसं म्हणायचं? नवरासुद्धा छाती फुगवून टाळ्या वाजवत होता, तो वेडा.

"नको," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. मग ती ओरडली, "नको! मला नको! मी गावासाठी भांडलेच नव्हते, मी दुकानासाठी भांडले!"

टाळ्या तिथल्या तिथे थांबल्या. "असं कसं वहिनी?" मास्तर म्हणाले. "गावासाठी एवढं करायला नको? दुसरं आहे कोण?"

"मी आहे," दारातून आवाज आला.

सासूबाई होत्या. शाळेच्या पायऱ्या चढून आल्या होत्या, कशा ते त्यांचं त्यांना ठाऊक. एका हाताने चौकट धरली होती, कपाळावर घाम होता, आणि आवाज मात्र कसलेल्या वाघिणीचा.

"मावशी, तुम्ही?" मास्तर चाचरले. "पण तुमचे गुडघे..."

"सरपंचाला काय पाणी भरायचंय? खुर्चीत बसायचं आणि लोकांना ओरडायचं. माझ्याहून चांगलं ते कोणाला येतं असेल तर त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. गावाला तेवढी अक्कल होती.

"झालं तर मग," सासूबाई म्हणाल्या. "पहिला हुकूम. उद्यापासून पाणी सकाळी, उजाडल्याबरोबर. सगळ्यांनी भरायचं आणि आपापल्या उद्योगाला लागायचं. जावईबापूंना उशीर झाला तर मी आहे आणि ते आहेत." मग त्या सुनेकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "आणि तू इथे काय करतेयस? माझ्या गुडघ्यांपायी तू माझ्या वाटणीचं घरात बसलीस गं इतकी वर्षं. मी कधी बोलले नाही, पण आंधळी नव्हते. आता तुझ्या वाटणीचं मी बसते. तू जा."

वहिनीने तोंडाला पदर लावला आणि भर सभेत रडली. सासूबाई म्हणाल्या, "पुरे, पुरे, आता नळ नको सोडूस," आणि स्वतःचेही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाणी आलं, भरून झालं, तेव्हा अजून चहाही व्हायचा होता. नवऱ्याने मशीन शाळेच्या बसमध्ये चढवलं. बसमधली पोरं मशीनचं चाक कोण धरणार यावर हमरीतुमरीवर आली होती. वहिनी त्यांच्यामध्ये बसली आणि बाजारात दुकानापुढे उतरली. नणंदेने मागच्या अर्ध्या भागातली खोकी आदल्या दिवशीच हलवली होती. दुपारी नणंद म्हणाली, "वहिनी, जेवून घे आता, दोन वाजले." वहिनीने कापडावरून कातर सरसर पुढे नेली.

"वाजू देत," ती म्हणाली.